सकाळचा नाश्ता: सुशीला, धपाटे, उकडपेंडी की मुगाचं धिरडं?

साडेसातला शाळेची रिक्षा दारात, साडेआठला ड्युटी, आणि शुगरची गोळी घेण्याआधी आजोबांच्या पोटात काहीतरी जायला हवं. परभणी असो, लातूर असो की बीड, सकाळची ही घाई सगळीकडे सारखीच. अशा वेळी पाकिटातलं काहीतरी दुधात टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. पण आपल्या घरात ज्वारीचं पीठ, मूग, डाळवं (भाजलेली हरभऱ्याची डाळ), शेंगदाणे, दही हे बारा महिने असतंच. त्यातून होणारे चार नाश्ते नीट पारखून घेतले, तर पाकिटाकडे वळायची वेळ येत नाही. चारही चांगले आहेत, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

माझं मत आधीच सांगते. रोजच्यासाठी मुगाचं धिरडं आणि ज्वारीची उकडपेंडी आलटून पालटून ठेवा. डब्याच्या आणि प्रवासाच्या दिवशी धपाटे करा. सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे, घाईच्या दिवसासाठी, पण एका अटीवर, आणि ती अट महत्त्वाची आहे.

सुशीला: दहा मिनिटांत ताट, पण पोट किती वेळ भरलेलं?

वेळेच्या बाबतीत सुशीलेचा हात कुणी धरू शकत नाही. मुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच मुठीत धरून घट्ट पिळायचे. इकडे कढईत शेंगदाणे, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, हळद. मुरमुरे त्यात टाकून दोनदा परतले की झालं. पाण्यात एक मिनिट जास्त राहिले तर लगदा होतो, म्हणून फोडणी तयार झाल्याशिवाय मुरमुरे भिजवायचेच नाहीत.

अडचण आहे ती वजनात. ताट भरलेलं दिसतं, पण मोठा वाडगाभर मुरमुरे तोलले तर ४० ग्रॅमच्या आसपासच भरतात. शंभर ग्रॅम मुरमुऱ्यांत प्रथिनं साधारण साडेसात ग्रॅम आणि तंतू अडीच ग्रॅम. म्हणजे त्या वाडग्यातून प्रथिनं मिळाली जेमतेम ३ ग्रॅम. शिवाय मुरमुरे लवकर पचतात, रक्तातली साखर झपकन वर नेतात, आणि अकराच्या आत पुन्हा भूक लागते.

आता अट. सुशीलेवर डाळव्याचं कूट भुरभुरायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. ती शोभेपुरती ठेवू नका. माणशी दोन चमचे भरून डाळव्याचं कूट आणि मूठभर शेंगदाणे घातले, की प्रथिनं ३ वरून ९-१० ग्रॅमवर जातात आणि चवही खुलते. वरून लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते, म्हणून लिंबू टाळू नका. मुरमुऱ्यांत मीठ असतं, तेव्हा बीपी असणाऱ्यांच्या घरी वरचं मीठ चव बघूनच घालावं. आणि सुशीलेबरोबर भज्यांची प्लेट ही हॉटेलातली जोडी घरी रोज नको. तेवढ्या तेलाने नाश्त्याचा सगळा हिशोब बिघडतो.

डब्यासाठी सुशीला मला पटत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत ती चिवट होते आणि मुलं निम्मी परत आणतात.

धपाटे: मेहनत जास्त, पण टिकाव दांडगा

धपाटे हा मराठवाड्याचा खरा नाश्ता, आणि त्यावर दोन शब्द जास्त लिहायला मला आवडेल. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक. लसूण, हिरवी मिरची, जिरं यांचं वाटण, ओवा, तीळ, हळद, मूठभर कोथिंबीर. पाणी कमी आणि दही जास्त घालून मळलं की धपाटे संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. हिवाळ्यात मेथी, पावसाळ्यात पालक, काहीच नसेल तर किसलेला दुधी.

थापायची रीत माहीत नसेल तर सांगते. पोळपाटावर ओला सुती कपडा पसरायचा. पाण्याच्या हाताने गोळा मधून कडेकडे थापत न्यायचा, मध्ये बोटाने भोक पाडायचं. कपड्यासकट उचलून तव्यावर पालथा घालायचा, कपड्यावरून ओला हात फिरवायचा आणि एका कडेने अलगद सोडवून घ्यायचा. भोकात आणि कडेने थेंब थेंब तेल. झाकण ठेवून एक वाफ, मग दुसरी बाजू. चौघांसाठी सगळं मिळून अर्धा तास धरा. रात्री वाटण करून ठेवलं तर सकाळची दहा मिनिटं वाचतात.

पीठ दळून फार दिवस झाले असतील तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते आणि धपाट्याला कडेने चिरा पडतात. अशा वेळी अर्धं पीठ कडकडीत पाण्यात भिजवून, झाकून, कोमट झाल्यावर मळा; थापायला त्रास होत नाही. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळण आणलेलं बरं. बाजरी मिसळणार असाल तर त्याहून कमी, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त असतो आणि पीठ आठवडाभरातच कडवट व्हायला लागतं.

पोषणाचं बघू. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं सुमारे १० ग्रॅम आणि तंतूही १० ग्रॅमच्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, तो बेसनातून भरून निघतो. दोन धपाटे आणि वाटीभर दही खाल्लं की प्रथिनं १० ग्रॅमच्या पुढे जातात आणि दुपारच्या जेवणापर्यंत भूक लागत नाही. लक्ष ठेवायचं ते तेलावर. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४५ कॅलरी. एका धपाट्याला दोन चमचे सोडले आणि तीन धपाटे खाल्ले, तर नुसत्या तेलाच्या २७० झाल्या. जाड बुडाचा लोखंडी तवा चांगला तापवून घेतला तर एका धपाट्याला एक चमचा पुरतो.

सोबतीला ठेचा सगळेच घेतात, माझा आग्रह जवसाच्या चटणीचा आहे. जवसात ओमेगा-३ असतं, जे आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलातून फारसं मिळत नाही. जवस भाजून कुटल्याशिवाय पचत नाही, अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो.

गव्हाचा त्रास असलेल्यांनी कणीक वगळावी, बेसन थोडं वाढवावं. ज्वारीत ग्लुटेन नसतं. फक्त गिरणीत गव्हाच्या दळणामागून ज्वारी दळली असेल तर त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

ज्वारीची उकडपेंडी: पंधरा मिनिटांचं पोटभर खाणं

उकडपेंडी अनेक घरांतून मागे पडली आणि तिच्या जागी रव्याचा उपमा आला, याची मला खरंच हळहळ वाटते. भाकरीसाठी पीठ घरात असतंच. कांद्याची फोडणी करायची, त्यात वाटीभर ज्वारीचं पीठ घालून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं खमंग भाजायचं. मग पाऊण ते एक वाटी कोमट ताक शिंपडत शिंपडत हलवायचं, झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या. ताक एकदम ओतलं की गुठळ्या होतात. पीठ जरा रवाळ दळलेलं असेल तर उकडपेंडी मोकळी होते. दळणाच्या वेळी किलोभर वेगळं जाडसर काढायला गिरणीवाल्याला सांगायचं, एवढंच.

हिचा दोष एकच. कोरडी झाली तर घशात तोठरा बसतो आणि लहान मुलं नको म्हणतात. वाटीभर ताक किंवा दही सोबत दिलं की तक्रार राहत नाही. प्रथिनं मात्र नुसत्या पिठातून माणशी ५ ग्रॅमच येतात, म्हणून फोडणीत शेंगदाणे हवेतच.

ज्वारी निवडताना एक गोष्ट सांगावीशी वाटते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हे वाण दिलं. त्यात लोह किलोमागे ४५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. नेहमीच्या वाणांत ते ३० च्या जवळपास असतं. घरात वयात आलेली मुलगी असेल, हिमोग्लोबिन कमी असेल आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडे ही ज्वारी मिळत असेल, तर जरूर घ्या. भाकरीची चव मात्र रब्बीच्या मालदांडीचीच मला जास्त आवडते.

मुगाचं धिरडं: माझी पहिली पसंती

रात्री दोन वाट्या हिरवे मूग भिजत घाला. सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटा, मूठभर ज्वारीचं पीठ मिसळा, की लगेच तव्यावर. आंबवायची गरज नाही. अख्ख्या मुगात शंभर ग्रॅममागे प्रथिनं २२ ग्रॅमच्या वर आणि तंतू १७ ग्रॅमच्या आसपास. माणशी ५० ग्रॅम कोरडे मूग धरले तरी ११ ग्रॅम प्रथिनं मिळाली, दही-चटणीचा हिशोब वेगळाच. चौघांत हे सर्वात वरचं, आणि तेलही कमीत कमी लागतं.

अट एकच, आदल्या रात्री आठवण हवी. विसरलात तर बेसनाचं धिरडं करा, तेही कमी नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वाटलेलं पीठ ओट्यावर ठेवू नका, दुपारपर्यंत आंबट होतं. फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतं. धिरडं तव्यावरून थेट ताटात यावं. डब्यात ते गार आणि चिवट होतं, म्हणून शाळेच्या दिवशी धपाट्याला पर्याय नाही.

पोहे, आंबील आणि पाकिटं

पोह्यांबद्दल फार लिहीत नाही. सुशीलेहून वजनाला भक्कम, बाकी अट तीच, शेंगदाणे आणि मटार सढळ हाताने घाला. उन्हाळ्यात मात्र आंबील विसरू नका. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवून गार करायचं आणि वरून पुन्हा ताक, जिरं, ठेचलेला लसूण. आंबवल्याने धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह-जस्त शरीराला घेता येतं. शेतावर लवकर जाणाऱ्या माणसाला सकाळी सहा वाजता घन खाणं जात नाही, त्याला आंबिलीसारखं दुसरं काही नाही.

पाकिटांपैकी साधे ओट्स हे वाईट अन्न नाही, पण तंतूंच्या बाबतीत आपली ज्वारी त्यांच्या बरोबरीची आहे आणि ती दारात पिकते. 'मल्टिग्रेन' लिहिलेलं पाकीट घेणार असाल तर मागे बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिला घटक मैदा किंवा कॉर्न आणि दुसरा-तिसरा साखर असेल, तर पुढच्या बाजूला छापलेल्या कणसांच्या चित्राला भुलू नका.

तुमच्या घरी काय?

आजोबांना शुगर असेल तर मुगाचं धिरडं किंवा बेताची उकडपेंडी. ज्वारी चालते म्हणून वाटेल तितकी खाल्ली असं होऊ देऊ नका. शंभर ग्रॅममागे ६५ ग्रॅमहून जास्त पिष्टमय पदार्थ तिच्यातही आहेत. किडनीचा त्रास असेल तर डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. दात नसलेल्यांना ताक घालून सैल केलेली उकडपेंडी उत्तम जाते.

शाळकरी मुलांच्या डब्यात धपाटे, आणि घरी बसून खायच्या दिवशी धिरडं. दोघंही नोकरीवर असाल तर आठवड्यातले दोन दिवस सुशीला चालेल, डाळव्याचं कूट आधीच बरणीत करून ठेवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर यातलं काहीही खा, पण चहा नाश्त्याबरोबर घेऊ नका. तासाभराचं अंतर ठेवा, कारण चहातल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जात नाही. आपल्याकडे ही सवय मोडणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं आहे.

लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुला-मुलींना मी उकडपेंडीच सुचवेन. घरच्यांनी जिरं, मोहरी, कढीपत्ता, शेंगदाण्यांची फोडणी करून त्यात ज्वारीचं पीठ खमंग भाजून द्यावं, कांदा घालू नये. गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरलं तर पंधरा दिवस टिकतं. सकाळी पातेल्यात वाटीभर पीठ, चवीपुरतं मीठ, तेवढंच गरम पाणी थोडं थोडं शिंपडून, झाकण ठेवून इंडक्शनवर मंद आचेवर पाच मिनिटं. वरून लिंबू पिळायचं आणि जवळच्या डेअरीतून आणलेलं दही सोबत घ्यायचं.