निळ्या धुराचं बिल १,३३,०५० रुपये, दोष ११५० रुपयांचा

निळा धूर येतो म्हणून नागपूरच्या वाडीकडच्या एका गॅरेजमध्ये आमच्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन पूर्ण बांधून घेतलं. लायनर-पिस्टन किट ६२,४००, बेअरिंग-गॅस्केट २३,६५०, मशीनिंग ९,८००, मजुरी २१,५००, ऑइल-फिल्टर ९,२०० आणि 'टर्बो सर्व्हिस' ६,५००. या शेवटच्या रकमेकडे नीट बघा; टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. ११ दिवस गाडी उभी. तिसऱ्या खेपेला धूर पुन्हा हजर.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे कुणीही सांगेल. ते कुठून येतं, यावर खर्च ठरतो. रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या असतील तर भार घेऊन चढताना धूर वाढतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागात, दाब येतो. आमची गाडी अमरावती रोडला भरून पळताना साफ असायची. नाक्यावर पाच मिनिटं उभी राहून निघाली की निळा भपकारा. ही लक्षणं टर्बोची किंवा व्हॉल्व्ह सीलची.

चीड येते ती एका क्षणाची. इंजिन चालू असताना मिस्त्रीने ऑइलचं झाकण उघडलं. रिंगा गेल्या असत्या तर तो दाब तिथून बाहेर आला असता; पण वाफ नाही, धूर नाही, डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) वर उडत नव्हती. त्याने झटकन झाकण लावलं आणि म्हणाला, "पाहिलं ना भाऊ? रिंगा गेल्या, इंजिन बांधावं लागन." मी मान हलवली! हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडल्यावरही लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्यावर, होनिंगच्या (बसवताना आतून मारलेल्या)तिरक्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. घासलेल्या लायनरवर त्या उरतात का? पण संत्र्याचा सीझन, हप्ता डोक्यावर, आणि उघडलेल्या इंजिनासमोर कोण वाद घालतो?

दुसऱ्या मिस्त्रीने टर्बोची खालची ऑइल रिटर्न नळी काढली. आत कार्बन इतका, की वेल्डिंगची तार जाईना. ऑइल खाली उतरायला वाट नसली की ते टर्बोत तुंबतं आणि शाफ्टच्या सीलवरून सायलेन्सरकडे ढकललं जातं. शाफ्ट (टर्बोचा दांडा) हलवून पाहिला, पुढे-मागे खेळ नव्हता. नळी साफ, दोन गॅस्केट, मजुरी: ११५०. सायलेन्सरमधलं साचलेलं ऑइल जळेपर्यंत दीड दिवस थोडा धूर राहिला, मग बंद. म्हणजे ६,५०० च्या 'सर्व्हिस'मध्ये हीच नळी हातात येऊनही तशीच बसवली.

भरधाव आलेली गाडी लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडल ठेवा. तापलेल्या टर्बोतलं ऑइल जळूनच हा कार्बन होतो. एअर फिल्टर चोंदला किंवा ऑइल खुणेच्या वर भरलं, तरी निळा धूर येतो. थंड इंजिनाचा डोळे चुरचुरणारा पांढुरका धूर कच्च्या डिझेलचा, त्यासाठी रिंगा बदलू नका. कॉम्प्रेशनचे (प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचे) सहाही आकडे कागदावर घेतल्याशिवाय हेड उघडू देऊ नका. जुने पार्ट मोजून ताब्यात घ्या. आम्हाला परत मिळालेल्या सहातला एक लायनर दुसऱ्याच कंपनीचा होता. पावती जीएसटी नंबरची हवी. आमची कच्ची.

त्या कच्च्या पावतीवरून पोलिसांकडे तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले, हद्द आमची नाही. दुसऱ्यांदा हा दिवाणी मामला, पक्कं बिल आणा. पक्कं बिल देत नाही हीच तर तक्रार आहे, साहेब! तिसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवलं आणि विचारलं, "आता धूर थांबला ना? मग तक्रार कशाची?"