पेठेतल्या भिंतीवरचं चित्र: रंगाचं घ्यावं की टाइलचं?

जुन्या रस्त्याचा वारसा भिंतीवर आणायचं ठरलं की मंडळात पहिला वाद विषयावरून होतो. आमच्याकडं, सांगलीत गणपती पेठेजवळ, तो लवकर मिटला. हळदीची पोती आणि अडत दुकानं तर हवीतच, शिवाय १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, तेही हवं. अवघड निर्णय पुढचा असतो: चित्र थेट भिंतीवर रंगवून घ्यायचं, की भाजलेल्या टाइल्सवर करून बसवायचं? मी दोन्ही करून घेतलंय.

रंगाची बाजू कमी लेखू नका. परांची उभी राहिली की गल्ली जागी होते. शाळेतून येणारी पोरं थांबतात, म्हातारी माणसं चित्रकाराला सांगतात की इथं दुकानाला फळ्या होत्या, शटर नव्हतं. आणि चित्र तिथल्या तिथं सुधारतं. चेहरे तर रंगातच खुलतात. भाव्यांच्या खेळात सुरुवातीला गणपती येई, मग मोरावरची सरस्वती. आमच्या सरस्वतीच्या डोळ्यांत जे भाव आले होते, ते टाइलवर तितके उतरले नाहीत, हे मान्य करायला हवं. खर्चही रंगाचा बराच कमी.

पण लोणा. माझ्यापुरता निकाल त्यानंच लावला. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. त्या जमिनीतली ओल वर ओढतात. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. वरून ॲक्रिलिक रंगाचा थर दिला की तिला वाट उरत नाही. पाणी सुकताना आतले क्षार रंगाच्या मागे साठतात आणि थर ढकलतात. आमच्या चित्रात मोराचे पाय आधी फुगले. बोट लावलं तर पोपडा हातात आला, मागं पांढरी, कापसासारखी बुरशी दिसावी तसे क्षार. डागडुजी केली, पुढच्या पावसाळ्यानंतर तेच, फक्त वीतभर वर. त्यात आपल्याकडं महापूर. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. पाणी आठवड्यात उतरतं, भिंतीतली ओल कित्येक महिने राहते. गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करून त्यावर चुन्यातलेच रंग वापरले तर हे बरंच टळतं, पण तसे कारागीर शोधावे लागतात आणि रंगांची झळाळी मंद होते.

टाइलमध्ये रंग भट्टीत काचेसारख्या थरात वितळून बसतो. ऊन त्याचं फारसं काही बिघडवत नाही. पुराचा गाळ पाइपनं धुऊन निघतो, पानाची पिचकारी फडक्यानं. मात्र टाइल्स भिंतीला थेट चिकटवू नका, नाहीतर लोणा तिथंही गाठेल. न गंजणारी चौकट घ्या, तिच्यावर सिमेंटची पाटी, पाटीवर टाइल्स, आणि मागं हवा खेळेल एवढी फट. मालकानं उद्या भिंत दुरुस्तीला काढली तर अख्खं चित्र सोडवून ठेवता येतं. जुन्या पेठेत, जिथं एका भिंतीला चार वारस असतात, ही सोय मला फार मोलाची वाटली. (त्या सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र आणि महापालिकेची परवानगी दोन्ही प्रकारांत लागतेच.)

उणिवा आहेत. चौकट जड होते, खिळखिळ्या भिंतीवर चालत नाही. हळदीचा जो पिवळा आम्हाला हवा होता, तो शेवटपर्यंत मनासारखा भाजून आला नाही.

त्यामुळं जिथं पुराचं पाणी येत नाही आणि भिंत कोरडी आहे, तिथं मी रंगाला नाही म्हणणार नाही. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीसारख्या ठिकाणी तंबोऱ्याच्या भोपळ्याची गोलाई ब्रशनं जास्त सुरेख येईल. नदीकाठच्या पेठांत मात्र माझा कल टाइलकडंच आहे. पैसे कमी पडत असतील तर चित्र लहान करा, पण भाजून घ्या.

ठरवण्याआधी एक पावसाळा भिंत बघा आणि ओल कुठवर चढते तिथं खडूनं खूण करा. टाइल्स घ्यायच्या ठरल्याच, तर त्याच भट्टीतल्या थोड्या जादा मागवून ठेवा. नंतर एखादी फुटली की नेमका तो रंग पुन्हा मिळत नाही.