जुहू ते पवना: पाण्यावर उतरताना

मी वर्सोव्याची कोळीण, पाण्याला भीत नाही. पण सी-प्लेन पवना धरणावर उतरताना पाणी आरशासारखं निपचित होतं आणि जीव टांगणीला लागला. लहर नसली की वैमानिकाला उंचीचा अंदाजच येत नाही. आमच्या पायलटने काठाची झाडं नजरेत ठेवून, थोडी पॉवर राखून विमान अलगद टेकवलं. चाकं वर घेतलीत हे दोनदा तपासलं. खाली राहिली तर विमान उलटतं. त्याला पैकीच्या पैकी!

कंपनीवर मात्र राग आहे. लाइफ जॅकेट आत फुगवायचं नाही, आधी बाहेर पडायचं, हे कुणीच सांगितलं नाही. बुडत्या केबिनमध्ये फुगलेलं जॅकेट माणसाला वर दाबून धरतं, दारापर्यंत जाऊ देत नाही. शेजारच्या आजी तर जॅकेट फुगवायची दोरी मुठीत धरूनच बसल्या होत्या. मीच ती सोडवली.