औषधाचा त्रास कळवायची हेल्पलाईन आणि मराठी फॉर्म, माझा अनुभव

आईचं बीपी वर गेलं म्हणून दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी रामिप्रिल चालू केली आणि पंधरा दिवसांत तिला कोरडा खोकला लागला, कफ नाही ताप नाही, नुसती घशात खवखव, रात्र रात्र झोप नाही. आम्हाला वाटलं गारठ्याचा असेल, पहाटे रंकाळ्याला फिरायला जाते ना. अडुळसा, ज्येष्ठमध, हळद-दूध झालं, दोन कफ सिरप संपली, दीड महिना गेला यातच.

शेवटी राजारामपुरीतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधल्या मॅडमनी तिसरं सिरप द्यायच्या आधी विचारलं, "काकू, मधी कुठली नवीन गोळी चालू झालीय काय?" बास, तिथं उलगडा झाला. रामिप्रिलच्या गटातल्या बीपीच्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि काही जणांना असाच खोकला येतो. मॅडमनी लगेच हेपण सांगितलं की गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांनी तिच्याऐवजी टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. असं विचारणारं माणूस काउंटरवर असणं म्हणजे लई मोठी गोष्ट आहे, पाच स्टार तर त्यांनाच.

निघताना त्यांनीच १८००-१८०-३०२४ हा नंबर लिहून दिला. औषधाचा त्रास झाला की कळवायची ही सरकारची टोल फ्री हेल्पलाईन, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया (पीव्हीपीआय), म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचा कार्यक्रम, म्हणून २०१० पासून हे काम चालू आहे आणि मला पत्ताच नव्हता! एडीआर पीव्हीपीआय (एडीआर म्हणजे औषधाचा दुष्परिणाम) नावाचं ॲप आहे, आणि साध्या माणसांसाठीचा फॉर्म चक्क मराठीत आहे. मी तोच भरला. पेशंटच्या नावाची आद्याक्षरं, वय, काय त्रास झाला, कधी सुरू झाला, कुठलं औषध, कळवणारा कोण, एवढंच. औषधामुळंच झालं याची खात्री पाहिजे असं नाही, नुसता संशय असला तरी चालतं, आणि माहीत असलेला साइड इफेक्ट असला तरी कळवायचा. आईला भीती की आपल्या डॉक्टरांवर काय बालंट येईल, तर तसं काही नाही, ही डॉक्टरांविरुद्धची तक्रार नव्हे आणि माहिती गुप्त ठेवतात.

मी अडकलो ते बॅच नंबरला. आपण सगळेच "चार गोळ्या द्या" म्हणतो, मग स्ट्रिप कापून मिळते आणि बॅच, एक्सपायरी छापलेला तुकडा दुकानातच राहतो. घरी डब्यात बघितलं तर आईच्या निम्म्या गोळ्यांवर नावसुद्धा धड नाही. बिल होतं म्हणून निभावलं, पक्क्या बिलावर बॅच नंबर असतो. तेव्हापासून बिल घेतल्याशिवाय मी काउंटर सोडत नाही आणि गोळ्या संपेपर्यंत स्ट्रिपपण टाकत नाही.

हे फॉर्म मेडिकल कॉलेजांमधल्या केंद्रांत तपासले जातात, मग गाझियाबादला हा प्रोग्राम चालवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आणि पुढं स्वीडनमधल्या उप्सालाच्या, अशा रिपोर्टांच्या जागतिक संग्रहात जातात. कळवून काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, २०२३ च्या शेवटी मेफेनॅमिक ॲसिडबद्दल कमिशननं इशारा काढला, पाळीच्या दुखण्यावर घराघरात घेतात ती गोळी, तिच्यानं क्वचित ड्रेस सिंड्रोम म्हणजे अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा असं होऊ शकतं म्हणून, आणि तो इशारा या प्रोग्रामकडे आलेल्या रिपोर्टांवरूनच निघाला.

एक लक्षात ठेवा, ही हेल्पलाईन इलाजासाठी नाही. चेहरा सुजला, श्वास लागला, अंगावर फोड आले तर आधी सरळ दवाखाना गाठा, फॉर्म नंतर निवांत भरता येतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वतीनं आपण भरला तरी चालतो, मी आईचा तसाच भरलाय.