दाराची लोखंडी चूल, दिवाळी ते मृग: धुराचा वास आणि घट्ट मूठ

धुराचा वास येतो म्हणून या लाकडावरच्या लोखंडी चुलीच्या दाराची मूठ आवळत जाऊ नका. या चुलीबद्दल एवढं एक पाळलं तरी नव्या दाराचा खर्च वाचतो. विक्रेत्याकडून आलेल्या माणसानं वास आणि घट्ट मूठ या दोन्ही तक्रारींवर एकच औषध केलं. दार आणि आतली जीभ (मूठ फिरवली की चौकटीत अडकते ती पट्टी) यांच्यामधला वॉशर काढून दार आणखी आत खेचलं आणि मुठीच्या दांड्याला गाडीच्या चाकाचं ग्रीस फासलं. वास वाढला, मूठ दोन्ही हातांनीही फिरेना, आणि वर सल्ला मिळाला की दार वाकलंय, नवीन घ्या. कोटेशन पाहून वाटलं, यात अर्धी चूल आली असती.

हिवाळ्यात या चुलीचं परीक्षण लिहून दोन तारे दिले होते, हे त्याच्या पुढचं. चुलीची मापं, वजन, किती लिटर पाणी तापतं वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. दाराचंच बोलू.

धुराडं नीट ओढत असेल तर चुलीच्या आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो. अशा वेळी दाराला फट असली तरी तिच्यातून खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. फट जास्त असेल तर जाळ आवरत नाही, लाकूड भसाभसा जळतं, एवढंच. वास येतोय याचा अर्थ ओढ कमी पडतेय. म्हणून आधी वर बघा, पाईपाकडे. टोपीच्या जाळीत काजळी बसलेली असते, नाहीतर साळुंकीनं काड्या भरलेल्या असतात. त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो चुलीतूनच हवा खेचतो. पंखा बंद करून एक खिडकी चार बोटं उघडा. वास तेवढ्यानं थांबला तर दाराला हातही लावायची गरज नाही.

पाईपाची उंची बहुतेक ठिकाणी चुकलेली असते. छतातून बाहेर पडल्यावर पाईप किमान तीन फूट वर हवा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल (कठडा, पाण्याची टाकी, शेजारची भिंत) त्याच्यापेक्षा दोन फूट वर. आपल्याकडे गच्चीवर काळी टाकी असतेच आणि पाईप नेमका तिच्या आडोशाला काढलेला असतो. वारा टाकीवरून खाली वळतो आणि धूर परत घरात. सांध्यांचंही बघा. वरच्या तुकड्याचं निमुळतं तोंड खालच्या तुकड्याच्या आत गेलेलं हवं. उलटं बसवलं तर धूर फारसा निसटत नाही, पण आत साचलेलं काळं पाणी सांध्यातून बाहेर ओघळतं, आणि त्याचा आंबूस वास चूल विझलेली असतानाही येत राहतो.

पाईप साफ, उंची बरोबर, तरी वास आहे, असं झालं तर मग दोरी, कारण ओढ अधूनमधून कमी पडली की फटीतून धूर निसटतो. दाराच्या खाचेत बसवलेली काचतंतूची दोरी दबून दबून कडक होते. तपासायला थंड चुलीच्या दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अडकत आली तर ठीक, सहज सुटली तर तिथं दोरी गेली. मुठीजवळ तपासून भागत नाही, कारण तिथं ती नेहमीच घट्ट असते. मुठीच्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही कोपरे बघा. ३० सें.मी. रुंदीचं पोलादी दार २५० अंशांनी तापलं की जवळजवळ ०.९ मि.मी. वाढतं. त्यात आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, त्यामुळे दार मध्ये जाळाकडे फुगतं आणि कोपरे बाहेर उचलतात. दार थंड झालं की परत सरळ होतं. ‘दार वाकलंय’ म्हणतात ते बऱ्याचदा एवढंच असतं, आणि मूठ आवळल्यानं कोपरे काही आत येत नाहीत.

दोरी बदलायला अर्धा तास लागतो, वाळायला एक दिवस. या दाराला १० मि.मी. जाडीची दोरी लागते, दीड मीटर घ्या. साखर कारखान्यांना बॉयलरचं सामान पुरवणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते, चुलीच्या कंपनीचं पाकीट घ्यायचं कारण नाही. मात्र दुकानदाराला ‘ग्लास फायबर’ असं स्पष्ट सांगा. ॲस्बेस्टॉसची दोरी अजून विकली जाते आणि ती स्वस्त पडते म्हणून हातात ठेवली जाते. तिचे तंतू फुप्फुसात जातात, ती घरात आणूच नका. जुनी दोरी कशाची आहे याची खात्री नसेल तर ती कोरडी खरवडू नका. पाण्यानं चिंब भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून काढा आणि पिशवीत बांधून टाका. खाच साफ केल्यावर तळाला चुलीच्या दोरीसाठीचा सिलिकेटचा डिंक पातळ लावा. लाल सिलिकॉन नको, ते ३०० अंशांच्या आसपास दम सोडतं आणि त्याआधीच घाण वास मारतं. दोरी खाचेत ठेवत जा, ताणू नका. ताणलेली दोरी बारीक होते आणि नंतर आखडून टोकांत फट पडते. सांधा बिजागरीच्या बाजूला घ्या. मध्ये कागद ठेवून दार अलगद टेकवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पेटवू नका.

आता मूठ. दोरी नवी आणि जाड असताना मूठ घट्ट लागणारच. तेव्हा दार आणि जीभ यांच्यामध्ये १ मि.मी.चा एक वॉशर वाढवायचा, आणि काही आठवड्यांनी दोरी दबली की तो काढायचा. एवढ्यासाठी कंपनीनं दोन वॉशर सोबत दिलेत आणि पत्रकात त्यांचा उल्लेखही केलेला नाही!

तरी मूठ अडखळत असेल तर दांडा काढा. चूल पूर्ण थंड हवी. जीभेची जागा खडूनं खुणा करून ठेवा, आतला नट सोडा, वॉशर कोणत्या क्रमानं निघतात ते बघा, दांडा बाहेर ओढा. त्यावर काळा, चिवट, लाखेसारखा थर दिसेल. ते जळलेलं तेल. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, काहीही घातलं तरी शेवट हाच. साधं लिथियम ग्रीस १८०-१९० अंशांना वितळून पातळ होतं, पुढे ते जळतं आणि दांडा चिकटवून टाकतं. ‘सर्व्हिसिंगनंतर वास वाढला’ याचं उत्तरही इथंच आहे, तो वास लाकडाच्या धुराचा नव्हताच. २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं दांडा घासा, तोच पेपर गुंडाळून भोकातून फिरवा, कोरड्या फडक्यानं पुसा. मग ग्राफाइटची पावडर लावा. ती नसेल तर ८बी पेन्सिलीचं शिसं दांड्यावर चांगलं रगडलं तरी काम होतं. नट हातानं घट्ट करून पाव फेरा मागे सोडा. आणि हो, चुलीच्या दाराच्या उंबऱ्यावर सांडलेली राख झाडत चला. बोटभर राख दाराखाली असली तरी मूठ घट्ट होते, माणूस मात्र दांड्याला दोष देतो.

हिवाळ्यात मत असं होतं की मूठ हलक्या दर्जाची आहे. आता मत वेगळं आहे. मूठ दणकट आहे, जीभ झिजलेली नाही, दांड्याला खेळही बरोबर ठेवलाय. हलकी निघाली ती कंपनीची मूळ दोरी. एका हिवाळ्यात ती पापडासारखी झाली. म्हणून तेव्हाचे दोन तारे आता साडेतीन करतो. दोरी चांगली दिली असती तर साडेचार दिले असते.

नवी चूल पहिल्या दोन-तीन वेळा पेटवताना येणारा उग्र वास रंग भाजल्याचा असतो. दारं-खिडक्या उघडी ठेवून छोट्या जाळापासून वाढवत न्या, तो जातो.

उन्हाळ्यातली गोष्ट मात्र निराळी, आणि माळवदाच्या घरात ती जास्त जाणवते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि जाड मातीच्या छताखाली घर गार. पाईपातली हवाही गार, म्हणजे बाहेरच्यापेक्षा जड, ती खालीच उतरते. अशा दुपारी काडी लावली की पहिला धूर दारातूनच येणार, दोरी कितीही नवी असो. आधी हवेची झडप पूर्ण उघडा, कागदाचा एक बोळा पाईपाच्या तोंडाशी पेटवा, पाईप तापून ओढ बसली की मगच जळण लावा. लाकूड घालतानाही दार एकदम उघडू नका. बोटभर फट करून अर्धा मिनिट थांबा, मग हळू उघडा. माळवदातून पाईप काढताना एकेरी पत्र्याचा पाईप तुळया-फळ्यांपासून दीड फूट लांब हवा. माती जळत नाही, पण तिच्याखालचं लाकूड जळतं.

जळणाबद्दल थोडक्यात. पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवायला उत्तम, पण त्यांच्यावरच चूल चालवली तर दर पाच मिनिटांनी दार उघडावं लागतं आणि प्रत्येक वेळी थोडा धूर घरात येतो. बाभळीची फोडलेली, वर्षभर सुकवलेली लाकडं घाला. ओलं लाकूड घालून झडप बंद केली की पाईप थंड राहतो आणि आत डांबर बसतं, तेच पुढे पेट घेतं. वास नाही म्हणून निखारे असताना रात्री झडप पूर्ण बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मागची पाण्याची टाकी चांगली आहे, गळत नाही. राखेचा ट्रे पातळ पत्र्याचा, वाकतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात राख काढा, निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो.

मृगाच्या आधी पाईप ब्रशनं साफ करून घ्या, नाहीतर काजळीत ओल धरते आणि बंद चूल पावसाळाभर आंबूस वास सोडते. टोपी झाका, पण पेटवण्याआधी काढायची आठवण म्हणून मुठीला चिंधी बांधा. आणि वॉरंटी कार्डात ‘दोरी’ वगळलेली आहे, ‘मूठ व दांडा’ आहेत. तक्रार लिहून द्याल तेव्हा मूठ फिरत नाही असं लिहा, नुसतं वास येतो असं लिहिलं तर कोणी फिरकत नाही.