एसएलआर आणि इन्सास : दोन्ही वापरल्यावर

१९९३ साली बेळगावच्या मराठा सेंटरात भरती झालो तेव्हा हातात आली ती एसएलआर, म्हणजे ७.६२ मिमी गोळीची सेल्फ-लोडिंग रायफल. काही वर्षांनी पलटणीत इन्सास आली, ५.५६ मिमी गोळीची भारतीय रायफल. आता खानापूरकडच्या आमच्या गावात पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं विचारतात, "काका, चांगली कुठली?" रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे वजन. एसएलआर जड आणि इन्सास हलकी असं सगळे म्हणतात. रिकामी एसएलआर साधारण ४.४ किलो, इन्सास ४.१ च्या पुढेमागे. रायफलीत फार फरक नाहीच, तो आहे गोळीत. ७.६२ ची एक गोळी साधारण २४ ग्रॅम, ५.५६ ची जवळपास निम्मी. शंभर गोळ्या अंगावर बांधून चढ चढा, मांड्या सांगतील. शिवाय इन्सास वीतभर आखूड. झाडीत शिरताना, गाडीतून उतरताना नळी अडकत नाही.

पण माझं मत बनलं ते दुसऱ्या गोळीवर. दोन्हींना पुढची गोळी आपोआप चढते, तेव्हा ट्रिगर परत दाबायला काहीच लागत नाही. वेळ जातो तो नेम परत बसवण्यात. एसएलआर सुटली की नळी वर उठायची, टारगेट नजरेआड व्हायचं, पुन्हा शिस्त घ्यायची, म्हणजे नेम धरायचा. इन्सासला टारगेट डोळ्यासमोरून हलत नाही. पहिल्या आठ महिन्यांत शंभर मीटरवरचं माझं पाच गोळ्यांचं ग्रुपिंग, म्हणजे भोकांचा पुंजका, तळहाताएवढं होतं, ते मुठीत मावायला लागलं. धक्क्याच्या धास्तीने गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटणारी किरकोळ अंगाची पोरंही टिपायला लागली. तीन गोळ्यांचा बर्स्ट मी रेंजवर सोडून कधी लावला नाही.

भरवशाचं म्हणाल तर एसएलआर. तिचा गॅस रेग्युलेटर, म्हणजे रायफल चालवणारा गॅस कमीजास्त करायची कळ, आधी मोकळा सोडायचा, मग एकेक खाच आवळत जायचं, खोका, म्हणजे रिकामं काडतूस, नीट बाहेर पडायला लागेपर्यंत. वर दोन खाचा जास्त. एवढं बसवलं की चिखल असो, पाऊस असो, ती चालायची. जांबोटीकडचा पाऊस अंगावर घेऊन वाढलेल्या माणसाला ओल म्हणजे काय ते कळतं. रात्री कोतात, म्हणजे शस्त्रागारात, देण्याआधी चिंदी पांढरी निघेपर्यंत नळी पुसायचो, तरी सकाळी लोखंडावर तांबूस झाक असायची.

इन्सासची मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, प्लास्टिकची. आरपार दिसते, किती गोळ्या उरल्या ते मोजावं लागत नाही, हे फार सोयीचं. पण बर्फात माझ्या दोन मॅगझिनी ओठाशी, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडेला, तडकल्या. त्यातली एक हातमोजा घालून नुसती चढवताना. गोळी तिरकी बसली आणि रायफल अडली. सराव होता म्हणून निभावलं, पण त्या रात्री मला पोलादी मॅगझिनची आठवण आली, आणि ही तक्रार मी आजही मागे घेत नाही.

माझी निवड सांगतो : चालत्या गस्तीला इन्सास, एका जागी मोर्चा धरून लांबवर मारायचं असेल तर एसएलआर.

आणि गंमत बघा, २०१९ मध्ये सैन्यदलांसाठी ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या गेल्या, त्या परत ७.६२ च्याच, एसएलआरची होती तीच गोळी. ही रायफल हातात असलेला फौजेतला पुतण्या सुट्टीवर आला तेव्हा त्याला पहिलं विचारलं, "दुसरी गोळी किती वेळात?" त्याने शर्ट सरकवून उजवा खांदा दाखवला. निळा डाग होता, माझा असायचा तिथेच.