मानसोपचार आणि व्यसनमुक्ती, दोन्ही उपचार एकाच ठिकाणी, ५ पैकी ४ स्टार

भाच्याला तेव्हा १६वं लागलं होतं. वडिलांचा अपघात झाला तेव्हा हा शेजारच्या सीटवर, वाचला, पण झोप उडाली ती उडालीच आणि वर्षभरात गांजा सुरू. आधी जिथे जिथे गेलो तिथे मानसोपचारवाले म्हणणार आधी नशा सोडवून आणा, व्यसनमुक्तीवाले म्हणणार आधी डोक्याचं बघा, आणि ताई बिचारी दोन फायली घेऊन या टोलवाटोलवीत. इथे दोन्ही एकत्र बघतात कळलं म्हणून आलो, सात महिने झाले.

पोरांसाठी क्राफ्ट (CRAFFT) म्हणून नशेबद्दलच्या ६ प्रश्नांची चाचणी असते, त्यातला पहिलाच प्रश्न की नशा केलेला माणूस चालवत असलेल्या गाडीत कधी बसलायस का. गाडी शब्द ऐकला आणि याने खुर्चीची कड जी धरली ती सोडेचना. समुपदेशक मॅडमनी फॉर्म पालथा घातला, पाणी दिलं, आणि नुसती चिठ्ठी देऊन न पाठवता स्वतः त्याला घेऊन ट्रॉमावाल्या, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडे गेल्या, त्याच्यासमोरच दोन वाक्यांत सांगितलं. सगळं पुन्हा उगाळायला लागलं नाही.

गांजा बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वप्नं परत आली, आधीपेक्षा भयंकर, रात्री ओरडत उठायचा. ताई म्हणाली संपलं, फसलं सगळं. पण को-ऑर्डिनेटरने हे आधीच सांगून ठेवलेलं, गांजाने स्वप्नांची झोप दबलेली असते, सोडला की ती उसळून येते, काही आठवडे काढायचे. दोन्ही टीमनी बसून अपघाताबद्दल बोलणं थोडं पुढे ढकललं, आधी झोप. ताईने झोपेची गोळी मागितली तर सवय लागणारी देणार नाही म्हणून सरळ सांगितलं (तेव्हा राग आलेला, आता नाही). मध्ये एकदा त्याने परत गांजा ओढला तेव्हाही हाकललं नाही, उलट त्या दिवशी काय झालं होतं ते विचारत बसले.

परवा माझ्या गाडीत बसला. मागे बसला, पण बसला.

एक स्टार कापला कारण को-ऑर्डिनेटर रजेवर असताना बदलीवर आलेल्या माणसाने फाईल न वाचताच "नक्की काय झालं होतं?" विचारलं, पोरगा पुढची दोन सेशन गेलाच नाही. शिवाय फॅमिली सेशन कायम भर दुपारी, नोकरी करणाऱ्यांनी काय करायचं? जाणार असाल तर आधीच्या सगळ्या औषधांची यादी न्या आणि मुलाचं कोणतं बोलणं घरी सांगणार, कोणतं नाही, ते त्याच्यासमोरच ठरवून घ्या, आम्ही नंतर ठरवलं आणि त्यावरून उगाच भांडणं झाली.